लग्न झालं म्हणजे नाव बदललं असं नव्हे: खिडकीपलीकडच्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
मुंबई शहर व उपनगरांतले बँकांचे शाखाधिकारी, कंपन्यांचे एचआर विभाग, प्रसूतिगृहांतले नोंदणी कर्मचारी आणि गृहनिर्माण संस्थांचे सचिव

स.न.वि.वि.

नुकतंच लग्न झालेली बाई तुमच्या खिडकीशी आली की बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, "नवीन नावाचं आधार आणलंय का?" या प्रश्नात दोन गोष्टी धरून चाललेल्या असतात. तिने नाव बदललंय ही एक. आणि बदललं असेल तर ते आधी दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीवर बदलून झालंय ही दुसरी. पहिली पुष्कळदा खरी नसते. दुसरी खरी असायला हवी असा नियम नाही, तरी तिच्यापायी माणसं अर्ध्या दिवसाची रजा टाकून विरार लोकलने फोर्टात येतात आणि हात हलवत परत जातात. नावबदलाचे अर्ज भरणारे आणि अडकलेले अर्ज सोडवणारे आम्ही काही वकील, करसल्लागार आणि अर्जलेखक हे पत्र तुम्हाला लिहीत आहोत.

कायद्याचं आधी सांगून टाकतो, कारण ते थोडकंच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात बायकोने आडनाव बदलावं असं एकही कलम नाही. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी १९९८ च्या कायद्याखाली महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात होते. नमुना 'ड' भरायचा, त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही जोडायची, की नमुना 'इ' मधलं प्रमाणपत्र मिळतं. अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी या दोघांचं लग्न झालं, एवढंच ते सांगतं. नाव बदललं असं ते सांगत नाही. बदलायचं की नाही हा निर्णय बाईचा, आणि तो लग्नानंतर दहा वर्षांनी घेतला तरी चालतो.

आता खऱ्या गुंत्याकडे. आपल्याकडे प्रश्न नुसत्या आडनावाचा नसतो. मराठी नावाचे भाग तीन. मधल्या भागात वडील असतात आणि लग्नानंतर तिथे नवरा येऊन बसतो. ज्या घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहायची रीत आहे, तिथे पहिलं नावही बदलतं. नमुन्याला 'सुनीता गणपत मोरे' हे कल्पित नाव घ्या, नवरा विलास सावंत. लग्नानंतर ती सुनीता गणपत मोरे राहू शकते. सुनीता विलास सावंत होऊ शकते. सुनीता विलास मोरे, सुनीता गणपत सावंत, सुनीता मोरे सावंत, हीसुद्धा चालणारीच नावं. तुमच्या संगणकाला मात्र पहिल्या दोनच गोष्टी माहीत असतात, आणि तुमच्यातल्या काहींना फक्त दुसरी.

त्यात प्रत्येक यंत्रणा नावाचे तुकडे वेगळे पाडते. पॅनच्या अर्जात आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन रकाने. पासपोर्टात दोनच: आडनाव, आणि बाकी सगळं 'दिलेलं नाव', त्यामुळे 'सुनीता विलास' हे तिथे एकत्र जातं. आधारवर अख्खं नाव एका ओळीत, पण दोन लिप्यांत. आता 'सुनीता मोरे सावंत' घ्या. मोरे मधल्या रकान्यात घातलं तर पॅनवर ते मधलं नाव ठरतं, आणि पासपोर्टात 'मोरे सावंत' मिळून आडनाव लिहिलं तर तिथे आडनाव दोन शब्दांचं होतं. दोन्ही कागद बरोबर, दोन्ही एकाच बाईचे, आणि यंत्र मात्र 'जुळत नाही' म्हणतं. जोड आडनाव घेणाऱ्या प्रत्येकीला अर्ज देतानाच विचारा, "हा शब्द कुठल्या रकान्यात टाकू?" हा प्रश्न दहा सेकंदांत सुटतो. नंतर तो सोडवायला दोन महिने जातात.

रोमन स्पेलिंगची भानगड याहून जुनी. सावंतमध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू', गायकवाडमध्ये मधला 'ए' आहे की नाही, चौधरीचं तर विचारूच नका. माहेरचं स्पेलिंग बाईला पाठ असतं. सासरच्या आडनावाचं स्पेलिंग सासऱ्यांच्या कागदांवर एक आणि नवऱ्याच्या पासपोर्टावर दुसरं असतं. नवं आडनाव घेणारीने नवऱ्याच्या पॅनवरचं स्पेलिंग अक्षरन्‌अक्षर उतरवावं आणि तुम्ही टंकताना त्यात सुधारणा करू नये. आणि 'सौ.' हे नाव नाही. कुणाच्या तरी अतिआदराने ते नावात घुसतं आणि मग 'सौ सुनीता' नावाची एक वेगळीच व्यक्ती खात्यात जन्माला येते. जुन्या कागदांवरच्या 'सुनीताबाई'तल्या 'बाई'चंही तेच. त्यात भर म्हणून एक नेहमीची चूक: पॅनच्या अर्जात 'वडिलांचं नाव' या रकान्यात लग्नानंतर नवऱ्याचं नाव लिहितात. पॅनवर विवाहितेचेही वडीलच येतात, नवरा नाही. अर्ज परत येण्याचं हे हमखास कारण.

शाखाधिकाऱ्यांना

तुमच्याशी थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण साखळीची पहिली कडी बहुधा तुमच्याकडे अडते. तुम्ही म्हणता नवीन नावाचं आधार आणा. आधार केंद्र म्हणतं नव्या नावाचा काही पुरावा आणा. तो पुरावा पुष्कळदा तुमच्याकडूनच निघणार असतो. अंडं आधी की कोंबडी आधी याचा निकाल रिझर्व्ह बँकेने केव्हाच लावलेला आहे. २०१६ च्या केवायसी (ग्राहकाची ओळख पटवण्याच्या) महानिर्देशातच स्पष्ट केलंय की ओळखीचा कागद दिल्यानंतर नाव बदललं असेल, तर राज्य शासनाने दिलेलं विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली अधिसूचना सोबत असल्यास तो जुन्या नावाचा कागदही वैध धरायचा. 'किंवा' या शब्दाकडे लक्ष द्या. वॉर्डाचं प्रमाणपत्र असताना राजपत्रही मागणं, किंवा दोन्ही असताना आणखी नोटरीचं प्रतिज्ञापत्र मागणं, यात बँकेच्या सुरक्षिततेत काही भर पडत नाही. जुन्या नावाचं आधार, विवाह प्रमाणपत्र, नवं नाव कसं लिहायचं ते सांगणारा ग्राहकाचा सहीचा अर्ज, आणि नव्या सहीचा नमुना, एवढं पुरतं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं, हेही आम्ही आता प्रत्येकीला सांगतो.

नव्या सहीची नोंद विसरू नका. बाया नाव बदलतात तेव्हा सहीही बदलतात, आणि जुन्या सहीवर काढलेला एसआयपीचा (म्युच्युअल फंडातल्या नियमित गुंतवणुकीचा) किंवा हप्त्याचा आदेश परत येतो. खात्याबरोबर मुदत ठेवी, लॉकर आणि डेबिट कार्ड आपोआप बदलतं असंही समजू नका. प्रत्येकाचा वेगळा अर्ज लागत असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

आणि आहेराचे चेक! लग्नात नातेवाईक चेक लिहितात 'सौ. सुनीता विलास सावंत' या नावाने, खातं असतं सुनीता गणपत मोरेचं. चेकची मुदत २०१२ पासून तीन महिन्यांची. विवाह प्रमाणपत्राला जेवढा वेळ लागतो त्यात अर्धी मुदत संपते आणि उरलेली तुमच्या 'वरून मंजुरी आली की' मध्ये जाते. मामाला पुन्हा चेक लिहा म्हणून सांगणं किती अवघड असतं, याचा विचार करा. विवाह प्रमाणपत्र पाहून खात्यावर 'ऊर्फ' म्हणून दुसरं नाव नोंदवण्याची सोय तुमच्या प्रणालीत असेल तर ती अशा वेळी वापरा.

जिने नाव बदललेलंच नाही, तिच्याकडे काहीही मागू नका. गृहकर्जात सहकर्जदार नवरा-बायकोची आडनावं वेगळी असली तर नातं दाखवायला विवाह प्रमाणपत्र पुरेसं आहे. "नंतर अडचण येईल" असं सांगून नाव बदलायला लावणं हे तुमचं काम नाही, आणि ती अडचण कोणती हे आजवर कुणी आम्हाला नीट सांगितलेलं नाही.

आधारबद्दल, कारण तुम्ही सगळे तेच मागता

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, आणि स्पेलिंगची दुरुस्ती हाही एक बदलच मोजला जातो. म्हणजे शाळेच्या वयात जिचं स्पेलिंग एकदा सुधारलंय तिच्याकडे एकच संधी शिल्लक असते. ती लग्नानंतर लगोलग वापरली आणि त्यातही 'डब्ल्यू'च्या जागी 'व्ही' पडला, तर पुढे राजपत्र आणि आधार प्राधिकरणाचं कफ परेडचं प्रादेशिक कार्यालय. घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत घेणारीचंही असंच होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून या बदलाचं शुल्क ७५ रुपये आहे. किरकोळ रक्कम. महाग आहेत त्या दोन संधी. म्हणून तुमच्या फॉर्मच्या सोयीसाठी कुणालाही आधार बदलून आणायला सांगण्याआधी विचारा, की तिने ठरवलंय का.

पहिलं नावच बदललं असेल तर प्रमाणपत्रावर भागत नाही, राजपत्र लागतं. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी अर्ज ऑनलाइन होतो, छपाई शासकीय मुद्रण संचालनालयाची, तेच चर्नी रोडचं. तिथे 'जुनं नाव' आणि 'नवं नाव' तिन्ही भागांसकट, जसं पुढे सगळीकडे हवं तसंच लिहावं लागतं. राजपत्रातली एक मात्रा चुकली की ती पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते.

एचआर विभागांना

लग्नाची रजा संपवून आलेल्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी नव्या आडनावाचा ईमेल पत्ता देऊन टाकण्याची हौस आवरा. आधी विचारा. बदलणार असेल तर क्रम सांगा: प्रथम आधार, मग पॅन, मग पगाराचं बँक खातं, आणि पगारपत्रकावरचं नाव पॅन बदलल्यानंतरच. करकपात पॅन क्रमांकावर जमा होते, नावावर नाही, म्हणून मधल्या काळात कर बुडत नाही. अडकतो तो कराचा परतावा: बँक खात्याचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही की खात्याची पूर्वपडताळणी होत नाही आणि पैसे थांबतात. विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत पॅन आणि खातं दोन्ही जुन्या नावावर ठेवणं शहाणपणाचं.

भविष्यनिर्वाह निधीचं आता बरंच सोपं झालंय. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आणि आधारशी जोडलेला यूएएन (सदस्याचा भविष्यनिर्वाह निधी क्रमांक) असेल तर जानेवारी २०२५ पासून सदस्य स्वतःच नाव दुरुस्त करू शकते, तुमच्या मंजुरीविना. त्याआधीच्या यूएएनला सदस्य आणि कंपनी दोघांचं संयुक्त घोषणापत्र लागतं, आणि ते तुमच्या टेबलावर पडून राहतं.

गंमत अशी की आडनावामागे लागणारे एचआरवाले नामनिर्देशन (नॉमिनेशन) विसरतात. लग्नाआधी, कुटुंब नसताना केलेलं भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन कुटुंब झाल्यावर टिकत नाही, नवं करावं लागतं. ग्रॅच्युइटीलाही कुटुंब झाल्यावर ९० दिवसांत नवं नामनिर्देशन सांगितलेलं आहे. नाव बदललेलं असो वा नसो, पुरुष असो वा बाई. विचारायचंच असेल तर हे विचारा.

भरती करताना आणखी एक. दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी माहेरच्या नावाचीच राहते, विद्यापीठ ती लग्नासाठी बदलून देत नाही. जातीचा दाखलाही वडिलांकडच्या पुराव्यांवर निघतो, कारण जात लग्नाने बदलत नाही. क्रिमीलेयरसाठीही आईवडिलांची स्थिती पाहतात, नवऱ्याचं उत्पन्न नाही. तेव्हा एकाच अर्जात दोन नावांचे कागद दिसणं हे संशयाचं कारण धरू नका. विवाह प्रमाणपत्राची एक झेरॉक्स त्यांना जोडते.

पासपोर्टाचं पटकन: नवऱ्याचं नाव पासपोर्टात घालायला आडनाव बदलावं लागत नाही. जिला बदलायचं आहे तिला नवा पासपोर्ट काढावा लागतो, आणि मधुचंद्राची तिकिटं व ऑफिसच्या दौऱ्याची तिकिटं हातातल्या पासपोर्टावर जे नाव आहे त्याच नावाने काढायची असतात. जुन्या पासपोर्टावर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे. लग्नाच्या महिन्याभरात परदेशी जाणारीने पासपोर्टाला हात न लावणं बरं.

प्रसूतिगृहांना

तुमची चूक सगळ्यात उशिरा उघडकीला येते, कधी पाच-सहा वर्षांनी. बाळंतिणीचे कागद माहेरच्या नावाचे असतात, केसपेपरवर मात्र नातेवाईकाने सवयीने सासरचं नाव सांगितलेलं असतं, आणि तेच जन्मनोंदीत जातं. पुढे बाळाच्या पासपोर्टाच्या वेळी कळतं की जन्मदाखल्यावरची आई आणि समोर बसलेली आई यांची नावं वेगळी आहेत. मग वॉर्डाच्या आरोग्य विभागात दुरुस्तीचा अर्ज, पुरावे, फेऱ्या. आईचं नाव तिच्या आधारवरून उतरवा आणि घरी जाण्याआधी तो मजकूर तिलाच वाचायला द्या, सासूबाईंना नव्हे.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने येतं. आईचं नाव आता मुलाच्या शाळेपर्यंत आणि पुढेही त्याच्या नावातच जाणार, त्यामुळे ती एक ओळ आणखीच जपून लिहायला हवी.

संस्थांच्या सचिवांना

लग्नाआधी स्वतःच्या कमाईवर फ्लॅट घेतलेली बाई नाव बदलते तेव्हा तुमच्यापैकी काही जण हस्तांतरणाचा अर्ज पुढे करतात. हे हस्तांतरण नाही. सभासद तीच आहे, फक्त तिचं नाव वेगळं लिहायचं आहे. हस्तांतरण शुल्काचे ५०० रुपये आणि महापालिका हद्दीत कमाल २५,००० रुपयांपर्यंतचं अधिमूल्य (प्रीमियम) हे दुसऱ्याच्या नावावर भाग जाताना घ्यायचं असतं. इथे त्यातलं काहीच घेता येत नाही. अर्ज आणि विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत घ्या, समितीच्या सभेत नोंद करा, सभासदांच्या नोंदींच्या आय आणि जे नमुन्यांत नाव दुरुस्त करा. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या हस्तांतरणाच्या तक्त्यात मात्र ही नोंद करू नका. तिथे लिहिलं की पुढच्या खरेदीदाराचा वकील विचारतो, मोरेबाईंकडून सावंतबाईंनी फ्लॅट विकत घेतला तो करार कुठे आहे?

मूळ करारनामा आणि इंडेक्स टू (त्याच्या नोंदणीचा उतारा) बदलत नाहीत, बदलायची गरजही नाही. विक्रीच्या वेळी 'सुनीता विलास सावंत, पूर्वाश्रमीच्या सुनीता गणपत मोरे' असं लिहून प्रमाणपत्र जोडतात. पूर्वाश्रम खरं तर संन्याशाचा, आणि लग्न करून कुणी संन्यास घेत नाही. पण शब्द रुळलाय आणि कामाचा आहे, चालू द्या. मुलाच्या नावात आईचं नाव आणणाऱ्या २०२४ च्याच शासन निर्णयात विवाहितेला मिळकतीच्या कागदांत लग्नाआधीचं नाव लावण्याची मुभा दिलेली आहे, तेव्हा "पाटीवर एक आणि रजिस्टरात एक कसं?" हा वाद वार्षिक सभेत काढू नका.

शेवटी तुम्हा सगळ्यांना: प्रतिज्ञापत्राची सक्ती सोडा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा आला आहे, त्यावर टंकलेखन आणि नोटरी वेगळी. शासकीय कार्यालयांत स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकारायचं राज्याने २०१५ मध्येच ठरवलं. मग सोसायटीच्या कचेरीला नोटरीचा शिक्का कशाला लागतो? नवऱ्याची किंवा सासऱ्यांची ना हरकत तर कुणीच मागू नये, नाव सासरचं घेताना नाही आणि माहेरचं परत घेतानाही नाही. साध्या कागदावर एवढा मजकूर आणि खाली तारीख पुरते:

"माझं लग्नाआधीचं पूर्ण नाव ____ . माझा विवाह दि. ____ रोजी नोंदवला गेला, प्रमाणपत्र क्रमांक ____ . यापुढे माझं नाव ____ (पहिलं), ____ (मधलं), ____ (आडनाव) असं लिहावं. रोमन लिपीत स्पेलिंग ____ . दोन्ही नावं माझीच आहेत. जुनी सही ____ नवी सही ____ ."

जिचं नाव बदललेलं नाही तिने यातलं काही भरायचं नाही.

कळावे,
नावबदलाची कागदपत्रं हाताळणारे काही वकील, करसल्लागार व अर्जलेखक
मुंबई